फौजदारणीचं पोट

"तुंबलीये," कोंबडी काखेत धरून नळवाल्याने निदान जाहीर केलं. गळ्याखालची पिशवी त्याने दोन बोटांनी चाचपली होती. हात लागलाच आहे म्हणून मग बाकीच्या तिघींच्याही चाचपल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "हिचीही गच्च. हिचीही. चारही लाइनी बंद आहेत."

खुर्चीतल्या सासूबाई दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या. जावयाशी त्या थेट बोलत नसत. तो समोर असला तरी निरोप लेकीमार्फत जायचा. "त्यांना सांग, संध्याकाळी दाणे टिपून आलेल्या कोंबडीची पिशवी भरलेलीच असते. यांचं पोट जेवल्यावर रिकामं असतं का? सकाळी दाणा टाकायच्या आधी बघा म्हणावं. रात्रीतून रिकामी झाली नाही, तर दुखणं."

बोटं आखडून हातातून कप सुटायला लागला, तेव्हा सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, त्या चार कोंबड्यांसकट. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं नळवाला पुटपुटलाही होता. बायकोने डोळे वटारल्यावर मात्र त्यानेच मागच्या अंगणात जुन्या पाइपांचं खुराडं उभं केलं. आता त्यातली फौजदारीण, बाकीच्यांना टोचून धाकात ठेवणारी, कालपासून पिसं फुगवून कोपऱ्यात उभी होती. ती धड खाईना म्हणून सासूबाईंनीही ताट बाजूला सारलं होतं.

"ती गेली तर आई अंथरूण धरेल," बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. नळवाला पुन्हा खुराड्यात डोकावून आला.

सकाळी तिघींच्या पिशव्या सैल, रिकाम्या लागल्या. फौजदारणीची मात्र कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट होती. बायको कामावर गेलेली, त्यामुळे निरोप्या नव्हता. सासूबाईंनी जरा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि नाइलाजाने जावयाकडे वळल्या.

"तोंडाला आंबूस वास येतोय का बघा."

त्याने नाक जवळ नेलं आणि नाकावर चोच खाल्ली. "वास नाही. जोर आहे अजून."

"मग आंबलेलं नाही, नुसतं अडकलंय. आज दाणा बंद, फक्त पाणी. आणि ड्रॉपरने तेलाचे थेंब. चोचीच्या कडेने द्या, घशात ओतू नका, श्वासात जाईल."

"आमच्यात तुंबलं की दाब देतात, आई."

"इथे दाब देऊ नका. तिला सरळ धरा आणि चोळा. तान्ह्या बाळाचं पोट चोळतात तसं, हळू."

नळवाला चोळू लागला. ज्या हातांनी तो गंजलेले जोड सोडवायचा, ते हात पिसांवर बिचकत फिरत होते. मध्येच त्याने वर पाहिलं. सासूबाईंची वाकडी बोटं मांडीवरच्या पदरावर तशीच गोल फिरत होती, त्याच्याबरोबर. त्याने मान खाली घालून बोटं आणखी हलकी केली आणि दुपारी तो काम टाकून पुन्हा चोळायला आला.

दुसऱ्या दिवशी गोळा मऊ पडला. दुपारी विष्ठेतून तपकिरी धाग्यांचा पुंजका पडला आणि नळवाल्याने तो लगेच ओळखला. पाइपाच्या जोडाला गुंडाळायचा ताग. पायरीवर बसून काम करताना तुकडे तोडून अंगणात टाकायची सवय त्याचीच. सासूबाईंनी पुंजक्याकडे पाहिलं, मग त्याच्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "कशानं झालं होतं गं?"

नळवाल्याने तोंड उघडलं.

"गवत," सासूबाई म्हणाल्या. "लांब पाती गिळली असेल. ह्यांना सांगितलंय कापायला."

अंगणात गवत औषधालाही नव्हतं. लेकीने अंगणाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली. नळवाला गुडघ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत तागाचे तुकडे वेचत राहिला.

सकाळी दाणा टाकायच्या आधी त्याने फौजदारणीला उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा हात धरला आणि आखडलेली बोटं तिच्या गळ्याखाली नेऊन टेकवली. त्या बोटांना आता फारसं कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पिशवी रिकामी झाल्याचं त्याने आधीच चाचपून पाहिलं होतं.

"तुम्ही सांगा, आई."

सासूबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ बोटं तशीच ठेवली.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "टाका दाणे."