शहाण्णव किलो

चिठ्ठी पिवळी, तळहातात मावेल एवढी, आणि तिच्यावर निळ्या शाईत ९६. अक्षर धाकट्या बहिणीचं, हिच्याच हाताखाली काम करणाऱ्या; नऊची शेपटी लांब ओढायची तिची सवय. आठ महिन्यांपूर्वीच्या त्याच्या स्कॅनच्या पाकिटातून ती चिठ्ठी हिच्या मांडीवर पडली तेव्हा काचेपलीकडे हिचा नवरा हात डोक्यावर घेऊन सीटी स्कॅनच्या टेबलावर पडला होता, आणि आज सकाळीच पडद्यामागच्या काट्यावर हिनं स्वतः त्याचं वजन पाहिलं होतं — एकशे एकतीस. आठ महिन्यांत पस्तीस किलो? छे...

तो पडदा हिचाच; ही इथली स्कॅन काढणारी तंत्रज्ञ. आधी खिडकीशी सगळ्यांदेखत वजन विचारायचे, आणि माणसं बिनदिक्कत दहा-वीस किलो गिळून टाकायची. मग त्या खोट्या आकड्यावर यंत्र चालायचं. जाड शरीरातून किरण पुरेसे पार होत नसत, फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध कमी पडे, आणि फोटोत नुसती वाळू पसरल्यासारखे दाणे. दोन वर्षं वरिष्ठांचं डोकं खाऊन हिनं काटा मागवला, पडदा लावला, कुठल्या वजनाला किरण किती, औषध किती, याचा तक्ता केला. काट्यावरचा आकडा मुकाट्यानं चिठ्ठीवर, बस्स. धाकटीला हाताला धरून शिकवलं ते हेच.

"हे तू काट्यावर बघून लिहिलंस?"

धाकटी शेजारच्या खुर्चीत आक्रसली. "नाही, ताई. भाऊजी काट्यावर चढायलाच तयार नव्हते. सांगितलं तेवढं लिहिलं. म्हणाले, हिला आकडा कळायला नको."

"आणि तू ऐकलंस."

"घरचेच ना, ताई..."

घरचेच! कंबर दुखते म्हणून स्कॅन करायचा, तर त्यानं नेमका तो दिवस निवडला — ही रजा टाकून आईला डोळे दाखवायला गेली होती तो. संध्याकाळी तो म्हणाला, उरकून आलो, तुला कशाला त्रास. दोष आढळला नाही, असा रिपोर्ट आला आणि मी, मी मूर्ख, फोटो न बघता हुश्श केलं, कारण फोटो माझ्या खोलीतले होते, माझ्या तक्त्यावर काढलेले. परक्यांनी फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गेल्या आठवड्यात लघवीतून रक्त गेलं म्हणून आज पुन्हा. हिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्यात वाळू. नव्यात, पूर्ण औषधावर, डाव्या मूत्रपिंडात लिंबाएवढी गाठ, कडा अगदी स्वच्छ. चांगला फोटो आला की हिला बरं वाटे... आजही क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला शिसारी आली. आठ महिने ती गाठ तिथं निवांत वाढत होती, आणि हे दोघं हिची मर्जी सांभाळत होते.

हिला आकडा कळायला नको. का नको? मी कधी बोलले का त्याला जाड म्हणून? कधीच नाही, एकदाही नाही... फक्त त्या रविवारी, नणंदेकडे जेवताना, जिच्या वजनानं स्कॅनचं टेबल करकरलं त्या बाईची गोष्ट हिनंच नकलेसकट सांगितली होती. सगळे हसले होते. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला होता, आणि वाढलेलं पान तसंच ठेवून हात धुवायला उठला होता. हे तिला आज, आत्ता का आठवावं? म्हणजे दोष माझाच? नाही. खोटं तो बोलला. धाकटीनं लिहिलं. राग त्या दोघांवर ठेवायला गेलं, तर तो घसरून परत हिच्याच अंगावर येत होता.

स्पीकरमधून त्याचा आवाज आला, जरासा दमलेला.

"अगं, झालं का? कसं आलंय?"

तिनं बटण दाबलं. अठरा वर्षं रोज परक्या माणसांना सांगायचं ते वाक्य आपोआप तोंडातून गेलं, आवाजही तोच, मऊ आणि कोरा.

"डॉक्टर सांगतील."

"बरं," तो म्हणाला, इतर पेशंट म्हणतात तसंच, निमूटपणे. आणि तिला वाटलं, आता आपल्यालाही त्याच्यापासून काही लपवता येतंय, आणि ते किती सोपं आहे.