तियेसेच्या दाराशी

"मायी, हाताला किती टाके पडल्यावर पटेल तुम्हाला, की तो कुत्रा धोक्याचा आहे?" सोमवारी सकाळी एनेरेसीच्या मनगटाला पट्टी बांधताना डॉक्टर म्हांगोंनी विचारलं.

"मला नाही चावला तो. जाळीला चावत होता, मध्ये माझा हात आला."

"शुक्रवारपर्यंत कुणी नेला तर ठीक. नाहीतर मला त्याला कायमचं झोपवायची सुई द्यावी लागेल."

लिलोंग्वेच्या त्या कुत्राघरात एनेरेसी चौदा वर्षं मक्याच्या कोंड्याची लापशी शिजवत होती, वर सुकी मासळी टाकून. त्या वासापायी मिनीबसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामीच राहायची. तियेसे नावाच्या त्या कुत्र्याला मात्र ती दिसली की धीर धरवायचा नाही. जाळीवर उड्या, तारेला चावे, तोंड रक्ताळलेलं. सगळे ओरडत, तसा तो आणखी चेकाळे. हा राग नाही, तगमग आहे, असं डॉक्टरच म्हणाले होते. यायचंय आणि येता येत नाही. एनेरेसीला ते ताबडतोब पटलं. नवरा जोहान्सबर्गला गेला तेव्हा सहा वर्षं तिने भांडी आपटली होती, ती काय भांड्यांवर राग होता म्हणून?

मग तिच्या मनात आलं, आपण तरी याच्या घरात कशा शिरतो? शेजारणीच्या दाराशी 'ओदी' म्हणून थांबतो, आतून 'ओदिनी' आलं की मगच पाऊल टाकतो. याला कुणी विचारलंय का कधी?

त्या सोमवारपासून ती जाळीबाहेर 'ओदी' म्हणून गप्प उभी राहू लागली. त्याचे चारही पाय जमिनीला टेकले, की त्याच्या वतीने स्वतःच 'ओदिनी' म्हणायची आणि कडी काढायची. पाय उचलले की कडी परत. पहिल्या दिवशी लापशीवर माशा बसल्या, सोबतच्या बायका हसून हसून लोळल्या. गुरुवारी 'ओदी' ऐकताच तियेसे खाली बसला.

शुक्रवारी निवृत्त हेडमास्तर न्यासुलू राखणीला कुत्रा बघायला आले आणि तडक जाळीपाशी गेले. तियेसेने उसळी घेतली. मास्तर दोन पावलं मागे.

"हा तर पिसाळलाय."

"नाही, बाम्बो." एनेरेसीने आदराने गुडघे वाकवले, नजर खाली ठेवली, पण बोलली. "तुम्ही ओदी नाही म्हणालात."

"कुत्र्याला?"

"घर त्याचं आहे."

चाळीस वर्षं लोकांना दारात ताटकळत ठेवणारा माणूस तो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढली. "ओदी," हळूच म्हणाले.

तियेसे थरथरला, कुंईकुंई केलं आणि बसला.

मास्तर त्याच्याकडे वाकले. "बायको गेल्यापासून माझ्या ओदीला घरातून उत्तरच येत नाही," ते म्हणाले.

"ओदिनी," एनेरेसी म्हणाली. तिने कडी काढली, दोरी त्यांच्या हातात दिली. "रोज म्हणा. घाई करू नका."

"हो, मायी," हेडमास्तर शाळेतल्या पोरासारखे म्हणाले. तियेसेने जाताना मागे वळून पाहिलं नाही. बरंच झालं, असं तिने मनाला समजावलं.

सोमवारी ती खराटा घेऊन रिकाम्या पिंजऱ्याशी आली. "ओदी," तोंडातून निघून गेलं. या खेपेला बायका हसल्या नाहीत. तियेसेला बसायला लागायचा तेवढा वेळ ती थांबली. मग आपणच 'ओदिनी' म्हणून आत गेली आणि झाडायला लागली.