कोरड्या नळाची लाँड्री

मित्रांनो, मी एक जुने, अवाढव्य धुलाईयंत्र आहे. सध्या मागच्या अंगणात पडून आहे. मालक येता-जाता मला शिव्या घालतो. घालू दे. त्याची अक्कल किती, हे मी केव्हाच ओळखले आहे.

कारखान्यातल्या कारागिरांनी माझे पिंप हाताने फिरवून पाहिले, कान लावून आवाज ऐकला, मगच मला बाहेर सोडले. पुढे मी कोणाच्या दारात जाऊन पडेन, हे मात्र त्या बिचाऱ्यांच्या हातात नव्हते.

मालकाला लाँड्री काढायची होती. का? तर मेहुण्याची लाँड्री जोरात चालली होती. झाला अभ्यास! जागा म्हणून त्याने मोठ्या बहिणीची शिवणाची खोली मागितली. ताई त्याच खोलीत कपडे शिवून घर चालवत होती.

"आधी सगळं नीट लिहून काढ," ताई म्हणाली. "कपडे कोण देणार, पाणी कुठून येणार, गिऱ्हाईकच आलं नाही तर काय करणार."

"ताई, धंद्याला छाती लागते, कागद नाही! परीक्षेला बसायचंय का मला?"

भावापुढे ताई नेहमीच विरघळायची. तिचे शिलाई मशीन जिन्याखाली गेले.

मी आले, तर दारातून आत जाईना. दाराचे माप घ्यायचे त्याला सुचलेच नव्हते. मग भिंत फोडली. "मोठ्या धंद्याला भिंती आड येणारच!" असे तो गवंड्याला ऐटीत सांगत होता. मला त्याची कीव आली. पुढे तीही आटली.

पहिल्याच दिवशी एका हॉटेलच्या चादरी आल्या. मी साबण घेतला, फिरू लागले आणि नळ कोरडा पडला. त्या गल्लीत पाणी सकाळी थोडा वेळच येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आमचे महाशय तर त्याच गल्लीत लहानाचे मोठे झाले होते! चादरी रात्रभर साबणात कुजल्या. सकाळी हॉटेलच्या मॅनेजरने एक उचलून नाकाशी नेली.

"ह्याच्यावर पाहुण्यांना झोपवू?"

तो गेला तो गेलाच. मालकाने मला लाथ हाणली. "मशीनच भिकार निघालं!"

थोड्याच दिवसांत लाँड्रीला कुलूप लागले. ताईने खोली परत मागितली.

"थांब ना, आता तिथे व्यायामशाळा काढतोय."

"लिहिलंस काही?"

तो हसला. ह्या वेळी ताई विरघळली नाही. तिने आपल्या शिवणाच्या धंद्याची चार पाने पुढे केली. जिन्यात बसून, शाळांमध्ये गणवेशाची चौकशी करून, शेजारणींना विचारून तिने ती लिहिली होती. मालकाने नाक मुरडत पाने उलटली. एका पानावर मथळा होता : 'नाही चाललं तर'.

"सुरू करायच्या आधीच अपशकुन!"

"अपशकुन नाही रे, तयारी. उद्या हे धूड माझ्या खोलीतून हलव."

दुसऱ्या दिवशी त्याने मला ढकलत मागच्या अंगणात आणून टाकले. अभ्यास न करणाऱ्याला शेवटी ढकलाढकलच करावी लागते.

आज ताईच्या खोलीत गणवेशांचे ढीग आहेत, हाताखाली दोघी बायका आहेत. मी इथे गंजतेय.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या दुकान काढतील. माझ्यासारखे यंत्र दारात आणण्याआधी चार पाने लिहा. तेवढाही कंटाळा येत असेल, तर खुशाल बुडा. पण आपल्या माणसांच्या पायाखालची जमीन तरी मागू नका.