दुसरं कडवं

मेघा ‘खडा कान’ या टोपणनावानं नव्या अल्बमवर लिहायची आणि भल्याभल्यांची सालटी काढायची. वाळूजला ती नोकरी करायची त्या कंपनीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, अशी तिची खात्री होती.

आज कंपनीच्या बसमध्ये पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमधला सखाराम शेजारी बसला आणि त्यानं तिच्यापुढं मोबाइल धरला. “चष्मा इसरलो, ताई. माझ्या गाण्यावर काय लिवलंय, तेवढं वाचा.”

परीक्षण तिचंच होतं. ती वाचू लागली, “मशीनखाली बोटं गेल्याचं दुसरं कडवं साफ बनावट आहे. ज्याची खरंच गेली, तो असा ठेका धरील का...”

समोरच्या दांडीवर सखाराम उजव्या हाताला उरलेल्या दोन बोटांनी ठेका धरत होता. मेघा वाचन सोडून त्या बोटांकडं पाहू लागली.

“थांबलात का?” तो म्हणाला. “लिवताना तर नाय थांबलात.”