देतो आणि दिला

माझा नवरा शिंपी. हात सोन्याचा, जीभ कात्रीची. गिऱ्हाईक आलं की "उद्या देतो" आणि घरात काही बिनसलं की "तलाक देतो". कालवणात मीठ कमी, तलाक देतो. काज वाकडं झालं, तलाक देतो. लग्न झाल्यापासून हा शब्द माझ्या डोक्यावर टांगलेला.

परवा तो मागच्या दाराने सटकला आणि एका नवरदेवाच्या बापाची बोलणी मी खाल्ली. शेवटी खरं सांगून टाकलं, "तुमचं कापड अजून कापलेलंसुद्धा नाही." संध्याकाळी सासूबाईंसमोर हा पुन्हा तेच ओरडला. मी मशीनला झाकण घातलं, पिशवी भरली आणि भावाकडे निघून आले.

आता म्हणे परत ये. का, तर काज-बटणांचं काम तुंबलंय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रकरण मुफ्तीसाहेबांकडे गेलं.

नवरा, सासूबाई, भाऊ आणि मी, सगळे सतरंजीवर बसलो. मुफ्तीसाहेब म्हणाले, "शब्द काय होते? नेमके सांगा."

"'देतो' म्हणालो, 'दिला' नाही!" नवरा घाईघाईने बोलला. मेल्याला जन्मात पहिल्यांदा व्याकरण सुचलं.

"'दिला' म्हणाला असता तर रागाच्या भरात का होईना, तलाक झाला असता," मुफ्तीसाहेब म्हणाले. "'देतो'चा अर्थ पुढे देईन असाही होतो. बेटी, तू काय ऐकलंस?"

भावाने कोपराने ढोसलं. "'दिला' म्हण, सुटशील," तो कुजबुजला. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण या माणसापायी मी अल्लाहसमोर खोटी पडू? तेवढी त्याची लायकी नाही.

"'देतो'," मी म्हणाले. सासूबाईंनीही मान डोलावली.

"मग तलाक झालेला नाही. हा नुसता वायदा. घरी जा."

माझं डोकंच फिरलं. "वायदा? वायदा पाळा, असं तुम्हीच दर जुम्याला सांगता ना? मग पाळायला लावा की त्याला! नाहीतर मला खुला हवा. लग्नात त्याने दिलेली मेहर त्याला परत. बायकोलाही सुटका मागता येते, एवढं मला कळतं."

"खुल्याला नवऱ्याचा होकार लागतो," मुफ्तीसाहेब म्हणाले आणि त्याच्याकडे वळले.

"अहो, मनात काही नव्हतं. धाकात राहावी म्हणून बोलायचो," तो म्हणाला. वर हसलाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "तुझा बापही मरेपर्यंत मला 'देतो'च म्हणत राहिला. रोज वाटायचं, आज घराबाहेर काढतोय. त्यालाही असंच हसू यायचं. दे तिला. आत्ता, माझ्यासमोर."

त्याचं हसू उतरलं. "खुला दिला," तो पुटपुटला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. रागाने लेकाकडे पाठ फिरवून त्या उठल्या.