गळती आणि गादी

योरिसने मला ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ कॉलवर सांगितलं की माझं इंग्रजी हा ‘लक्ष देण्याचा मुद्दा’ आहे. योरिस माझा मॅनेजर. इथे डच लोक मॅनेजरलाही अरे-तुरे करतात, त्यामुळे अपमान घरचाच वाटतो.

“ऋजुता, तू बोलतेस ते कळतं,” तो म्हणाला, “पण त्याला प्रवाह नाही.”

“व्हॅक्यूम पंपातल्या गळतीबद्दल बोलत होते मी. प्रवाह तिथे आहे, तोच थांबवायचाय.”

तो हसला नाही. मार्चअखेर माझा वर्षाचा करार संपणार होता. त्याआधी त्याच गळतीवर एक प्रेझेंटेशन द्यायचं, ते आवडलं तर कायमचा करार, नाहीतर सांगली. आणि तेव्हा कोरोनामुळे विमानं इतकी कमी चालली होती की हाकलून दिलं तरी जाणार कशी, हा वेगळाच प्रश्न होता.

मग त्याने कंपनीच्या भाषेच्या कोर्सच्या लिंका पाठवल्या. एक पॉडकास्ट, एक शब्दांचं ॲप आणि एक स्पेलिंगचं. स्पेलिंगच्या ॲपमध्ये बदक होतं. चुकलं की ते पाठ फिरवून बसायचं. आठवडाभर मी त्या बदकाचा चेहरा पाहिला नाही.

शब्दांचं ॲप रोज एक शब्द द्यायचं आणि तो दिवसभरात वापरायची ताकीद द्यायचं. ‘फ्लॅबरगास्टेड’, म्हणजे थक्क, आला त्या दिवशी मी घरातून बाहेरच पडले नाही. शेवटी हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या डॉक्टरला, फोन करून सांगितलं की माझा घसा फ्लॅबरगास्टेड झालाय. त्याने पॅरासिटॅमॉल घ्यायला सांगितलं. त्याला काहीही सांगितलं तरी तो तेच सांगतो.

राहता राहिला पॉडकास्ट. एक इंग्रज माणूस आपल्या बागेतल्या गोगलगायींबद्दल बोलायचा. काय तो आवाज! जणू कुणी पोळीला तूप लावतंय. मी ठरवलं, हा प्रवाह आपला.

आता प्रवाह कसा मिळवायचा? सांगलीत आम्हाला एकच पद्धत शिकवलेली. पाठांतर. गणेशोत्सवातल्या पाठांतर स्पर्धांत मी स्टीलचे इतके डबे जिंकलेत की आईने भांडी घेणंच सोडलं होतं. परीक्षक सुरेखाबाई ओळ गाळली तर गुण कापायच्याच, श्वास चुकीच्या जागी घेतला तरी कापायच्या. म्हणून मी गोगलगायींचा एक अख्खा भाग पाठ केला. श्वासांसकट, हसण्यासकट, आणि मध्ये येणाऱ्या गादीच्या जाहिरातीसकट.

आमच्या वेल्डहोवन गावातल्या सायकलमार्गावर बर्फ पडलेलं असताना मी मास्क लावून गोगलगायी म्हणत चालायचे. घरी आले की भिंतीपलीकडून आर्या ओरडायची. आर्या माझी घरसोबतीण. युनिव्हर्सिटी बंद, म्हणून तिची पीएचडी स्वयंपाकघरात चाललेली.

“ए बाई, गाद्या विकायला लागलीस का?”

“पाठांतर करतेय.”

“मग जाहिरात गाळ ना!”

“मधली ओळ गाळली की पुढची येत नाही.”

“अगं, तुला गळतीवर बोलायचंय, गोगलगायींवर नाही!”

“नुसते शब्द बदलायचे. चाल तीच ठेवायची.”

“धन्य आहेस,” ती म्हणाली आणि तिने हेडफोन लावले.

प्रेझेंटेशनच्या दिवशी पडद्यावर योरिस आणि एचआरमधली मारलीस नावाची बाई. मी सुरू केलं. तूप लागत गेलं. हलकंसं हसले, जिथे तो हसायचा तिथेच. योरिस मान डोलवायला लागला. बोलत बोलत मी ऐन महत्त्वाच्या जागी आले आणि तोंडातून अलगद निघालं, “पण ही गळती नेमकी कुठून होते ते सांगण्याआधी, आपल्या पाठीविषयी दोन शब्द. तुम्ही शेवटचं शांत कधी झोपलात?”

थांबता येईना. पुढची ओळ आधीच्या ओळीला बांधलेली. गादी मऊ आहे, गादी कणखर आहे, पटली नाही तर घरी येऊन परत नेतात, असं सगळं सांगूनच मी पंपाकडे परतले.

मग मारलीसने विचारलं, “दोघांसाठीची पण येते का?”

“ऋजुता,” योरिस म्हणाला, “विलक्षण सुधारणा. किती सहज बोललीस!”

“गळतीचं कारण कळलं?”

“ते नाही कळलं. पण ऐकायला फार छान वाटलं.”

तिथे माझं डोकं फिरलं. ऑक्टोबरमध्ये तो ‘कळतं’ म्हणाला होता, तरी मी नापास होते. आज काही कळलं नव्हतं आणि मी पास. मी स्लाइड बंद केल्या. तूप पुसलं. माझ्या स्वतःच्या, सांगलीच्या, तुकड्यातुकड्यांच्या इंग्रजीत बोलले.

“ऐक. रात्री पंपाच्या हॉलचा हीटर बंद. हॉल थंड. सील आकसतं. हवा आत. सकाळी हीटर चालू. सील फुगतं. गळती बंद. तुम्ही सकाळी मोजता, म्हणून तुम्हाला काही सापडत नाही. कोरोनामुळे माझी शिफ्ट उशिरापर्यंतची लागली, म्हणून मला सापडलं. आता तू सांग, काय कळलं?”

योरिसने सगळं सांगितलं. एक शब्दही चुकला नाही. सुरेखाबाईंनी डबा दिला असता.

“हेच मी ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं,” मी म्हणाले. “तेव्हा तू मला पॉडकास्ट पाठवलास.”

“तू आत्ता फार थेट बोललीस,” तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. पण इथे ‘थेट’ ही शिवी नसते.

तो मारलीसशी डचमध्ये काहीतरी बोलला. मग म्हणाला, “कायमचा करार देतो. एवढंच, त्यात भाषेचा कोर्स पुढे चालू ठेवायची अट राहील.”

“करार घेते. अट नाही घेत.”

“पण कोर्स आता वर्षभरासाठी घेतलाय.”

“मग तू कर. एक वाक्य कळायला तुला ऑक्टोबर ते मार्च लागले. ऐकण्याचा सराव तुला हवाय.”

मारलीस खाली काहीतरी शोधायला वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. योरिसचे कान लाल झाले. पॉडकास्टमध्ये अशा वेळी एक छोटंसं संगीत वाजतं. इथे नुसता त्याचा फ्रीज ऐकू येत होता.

“बरं,” तो शेवटी म्हणाला, “अट काढतो. अजून काही?”

“हो,” मी म्हणाले. “सील बदला.”