फोटोतली अंजली

नेकनूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत शाईस्ताचं ब्युटी पार्लर आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि कधीही दगा देणारा पंखा, एवढाच त्याचा पसारा. पण लग्नसराई असो नसो, शाईस्ताला फुरसत नसते. पोरगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आसपासच्या आया आपापल्या लेकी घेऊन तिच्याकडंच येतात, आणि सगळ्यांचं मागणं एकच असतं, जरा उजळ दिसली पाहिजे. शाईस्ता स्वतः चांगली सावळी, पण तिला या मागण्यात कधी काही खटकलं नाही. मागितलं तसं ती करून देत आली.

तेव्हा अंजलीच्या बाबतीत तिचं जे चुकलं, ते काही एकाएकी चुकलं नव्हतं. वर्षानुवर्षांचा हात बसला होता.

अंजली मागच्याच गल्लीतली, मुक्ताबाईची पोर. मुक्ताबाईनं उभी हयात ऊसतोडीत घालवली आणि यंदा कुठं गुडघे दुखतात म्हणून घरी राहिली. पोरगी मात्र बीडला कॉलेजात शिकली, एकांकिकांत कामं करायला लागली. ऊसतोड करणाऱ्या बाईवर सिनेमा निघतोय, नवा चेहरा पाहिजे, असं कळल्यावर तिनं आपला एक फोटो पाठवून दिला. शेतातून येता येता मोबाईलवर काढलेला. डोक्याला रुमाल, केसांत धूळ, उन्हानं सोललेलं नाक. आलेल्या ढीगभर फोटोंतून नेमका तोच निवडला गेला.

फोन आला तेव्हा अंजली पार्लरमध्येच गप्पा मारत बसली होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "परवा डायरेक्टर सर बीडला येतायत. त्यांना तुम्हाला बघायचंय."

बघायचंय! शाईस्ताच्या कानात तेवढा एकच शब्द शिरला.

"चल, बस खुर्चीत," ती म्हणाली.

"नको आपा. ऊसतोडीच्या बाईचा रोल हाय. त्यान्ला अशीच पाह्यजे."

"हिरोईन हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग? काळी हिरोईन कुनी बघितली? मानसं बघायला येनार आन् तू असलं तोंड घेऊन जानार? गप बस."

अंजलीनं आणखी एकदा नको म्हणून पाहिलं, मग डोळे मिटून तोंड वर केलं. शाईस्तानं भुवया कोरल्या, ब्लीच केलं, नवरीसाठी राखून ठेवलेली क्रीम काढून फेशिअल केलं. सख्ख्या बहिणीचं केलं नसतं इतक्या मायेनं केलं, हे खोटं नाही. मुक्ताबाई न्यायला आली आणि दारातच थबकली. "गं बया, माझीच का ही?" म्हणत तिनं लेकीवरून कडाकडा बोटं मोडली. शाईस्ताला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

तिसऱ्या दिवशी अंजली पार्लरच्या पायरीवर येऊन बसली.

"सरांनी मोबाईलमधी बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. म्हनले, फोटोतली मुलगी कुठाय?"

"आन् तू?"

"म्हनलं, मीच हाय. हसले. म्हनले, आवाज छान आहे तुमचा, पण या चेहऱ्यानं ऊन पाहिलेलं नाही."

एवढं सांगून ती उठून गेली. दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. ती भांडली असती तर शाईस्ताही भांडली असती, त्यात ती कुणाला हार जात नाही. पण पोरगी भांडलीच नाही, आणि तेच शाईस्ताच्या जिवाला लागून राहिलं.

पुढं कळलं की मुंबईच्या मालिकांतली एक नटी घेतली. शाईस्ताला जरा बरं वाटलं. "त्यान्ला तीच घ्यायची होती. बघायचं नुसतं नाटक होतं," ती नवऱ्याला म्हणाली. जावेदचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. तो हातातला पाना पुसत "आसंल" म्हणाला. त्या "आसंल"वरच तिनं दिवस काढले.

मग शूटिंग नेकनूरच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या उसातच लागलं. मेकअपवाल्याला हाताखाली बाई पाहिजे होती, म्हणून शाईस्ताला बोलावणं आलं. तंबूत शिरली तर समोर नटी बसलेली, गोरीपान, आणि मेकअपवाला तिच्या गालांना तपकिरी रंग लावतोय. आरशाला एक फोटो चिकटवला होता. डोक्याला रुमाल, केसांत धूळ, सोललेलं नाक.

"सरांना अस्सा रंग पाहिजे," मेकअपवाला म्हणाला. "ही पोरगीच घ्यायची होती त्यांना. भलतीच कुणीतरी समोर आली म्हणे. नाहीतर हे रोजचं रंगकाम कशाला करावं लागलं असतं?"

शाईस्ताचं "आसंल" तिथंच संपलं. तिनं रंगाची वाटी हातात घेतली.

नटी स्वभावानं गोड होती. तिनं आरशातून विचारलं, "ताई, खरी वाटते का हो मी?"

"रंग जमलाय," शाईस्ता म्हणाली.

दुपारी गर्दीचा सीन होता. गावातल्या बाया साडीवर शर्ट चढवून, कोयते घेऊन उभ्या केल्या. त्यांत अंजलीही होती. मधल्या काळात उन्हात कापूस वेचून तिचा चेहरा पुन्हा होता तसा झाला होता, भुवयाही भरून आल्या होत्या. शाईस्तानं लांबून पाहिलं. आरशावरचा फोटोच समोर उभा होता.

डायरेक्टरनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हिरोईनच्या बाजूला ती कोण आहे? तिच्याशेजारी आपली हिरोईन रंगवलेली वाटते. मागे पाठवा तिला." मग जरा थांबून म्हणाला, "नाहीतर असं करा, तिलाच थोडं उजळ करा."

त्यानं तिला ओळखलंसुद्धा नाही.

अंजली तंबूत आली. आरशावरचा आपला फोटो तिनं पाहिला आणि खुर्चीत बसली.

"मी न्हाई करनार," शाईस्ता म्हणाली. "जाते आन् सांगते त्यान्ला. फोटोतली पोरगी हीच हाय, माझ्या हातानं घान झाली म्हून सांगते."

"निम्मा सिनेमा झालाय आपा. आता सांगून काय व्हतंय?"

"माझं चुकलं गं, अंजू."

"व्हय," अंजली म्हणाली. "चुकलं."

शाईस्ताच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पावडरची डबी बाजूला सारली. अंजलीनं ती उचलून परत तिच्या हातात दिली.

"मागं मी नको नको म्हनत व्हते, तवा केलंस. आता कर म्हनते तर कावून थांबलीस? न्हाई केलं तर पार मागल्या रांगेत धाडत्याल मला. कर आपा. दिसू तर दे."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "झालं का?"

अंजलीनं त्या दिवशीसारखेच डोळे मिटून तोंड वर केलं. शाईस्तानं कपाळ केलं, गाल केले. नाकाच्या शेंड्यावर कातडी सोलली होती, तिथं पावडर काही केल्या बसेना. तिनं दोनदा हात फिरवला, तिसऱ्यांदा उचललेला हात खाली घेतला. तेवढी जागा तिनं तशीच सोडली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं."